घोड्याच्या मागून

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, असं म्हणतात. ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याने दोन्हीकडच्या लाथा खाल्लेल्या असणार, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही. पण लाँग रेनिंगमध्ये नेमकं घोड्याच्या मागूनच जायचं असतं. पाठीवर कुणी नाही, खोगीर नाही, रिकीब नाही. हातात दोन लांब दोऱ्या घ्यायच्या, पुठ्ठ्याच्या, म्हणजे घोड्याच्या मागच्या भागाच्या, बाजूने पायी चालायचं आणि तिथून त्याला खांदा आत घेऊन भिंतीच्या कडेने जायला, तिरकं सरकायला, जागच्या जागी दुडकायला शिकवायचं. आमच्या क्लबवर मुलांना सोडायला येणारे पालक चहा पीत पीत हे बघतात. एका बाबांनी एकदा फार काळजीने विचारलं होतं, "मॅडम, याला नांगराला जुंपायचंय का?"

हे प्रकरण सुरू झालं ते गंप्याच्या पाठीमुळे. रेसकोर्सवर त्याचं नाव चांगलं तीन शब्दांचं इंग्रजी होतं, कागदपत्रांवर अजून तेच आहे. पण पुण्याबाहेरच्या आमच्या तबेल्यात आल्याआल्या सायसांनी, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्यांनी, त्याचा गंप्या करून टाकला. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांची जात, रंगाने कुमाईत, म्हणजे तपकिरी, पुढचा एक पाय घोट्यापर्यंत पांढरा, उंचापुरा आणि पाठीने कमजोर. रेसमधून निवृत्त झालेल्या घोड्यांमध्ये पाठदुखी नवी नाही. तंग आवळायला हात घातला की याचे कान मागे आणि दात पुढे. डॉक्टरांनी पाठ दाबून, चालवून, दुडकवून बघितलं आणि सांगितलं की पाठीचे स्नायू भरेपर्यंत याच्यावर कुणी बसायचं नाही.

बसायचं नाही म्हटल्यावर मी हळहळले. उस्ताद खूश झाले. उस्ताद म्हणजे निवृत्त रिसालदार, माणदेशातले. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आणि वर्दी उतरली तरी ते बिरूद त्यांच्या अंगावरून उतरलेलं नाही. "बसायचं न्हाई म्हंजे काम न्हाई असं कुणी सांगितलं, ताई?" असं म्हणत त्यांनी खोगीरखोलीच्या माळ्यावरून सुती पट्ट्यांच्या दोन लांब दोऱ्या काढल्या. प्रत्येक दोरी सात-आठ मीटरची. त्यांना धूळ, जुना घाम आणि चामड्याला लावायचं नीट्सफूट तेल यांचा मिळून एक वास येत होता. तबेल्यातल्या माणसाला हा वास आवडायला लागला की तो कामातून गेला म्हणून समजावं.

सामान फारसं लागत नाही. घोड्याच्या छातीमागून पोटाभोवती रोलर बांधतात, म्हणजे खोगीर नसलेला नुसता रुंद पट्टा, दोन्ही अंगांना कड्या असलेला. दोऱ्या या कड्यांमधून पुढे तोंडाकडे जातात. सुरुवातीला त्या बिटला, म्हणजे तोंडातल्या लगामाच्या कडीला, न लावता नाकावरच्या पट्ट्याला लावलेल्या बऱ्या, कारण शिकणाऱ्या माणसाच्या हाताची शिक्षा घोड्याच्या जिभेने का भोगावी? कडी कुठली निवडायची, तर खालची. वरच्या कडीतून दोरी नेली की वळताना ती पुठ्ठ्यावर चढते आणि तिथून थेट शेपटीखाली जाते. शेपटीखाली दोरी गेलेला घोडा शेपटी घट्ट दाबून धरतो. दाबल्यामुळे दोरी आणखी रुतते, रुतल्यामुळे तो घाबरतो, आणि घाबरल्यावर तो काय करतो ते सांगायला नको. अशा वेळी ओढायचं नाही. हातातली सगळी दोरी ढिली सोडायची आणि तो शेपटी सैल करेपर्यंत तोंडाने हळू हळू बोलत राहायचं. उस्तादांचा दुसरा नियम असा की दोरी हाताला गुंडाळायची नाही. घड्या करून तळहातावर ठेवायची, पंजाभोवती फेरा कधीही नाही. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर निघालं तर दोरी जाऊ द्यावी. दोरी दुसरी मिळते.

आणि लाथेचा प्रश्न. लोकांना वाटतं की घोड्यापासून जितकं लांब तितकं बरं. खरं तर सगळ्यात वाईट जागा म्हणजे मागच्या खुरांपासून एक-दीड मीटर, कारण पाय पूर्ण ताणून झाल्यावर जिथे लाथ पोचते ती ही जागा. एक तर दोरी सोडत त्याच्या पार बाहेर राहा, नाहीतर इतके जवळ या की कंबर पुठ्ठ्याला लागेल. तिथे लाथेला वेग घ्यायला जागाच उरत नाही, धक्का बसतो, हाड मोडत नाही. शिकण्याचा प्रवासही असाच बाहेरून आत येतो. आधी मोठ्या वर्तुळावर, आतली दोरी सरळ तुमच्या हातात आणि बाहेरची मागच्या मांड्यांवरून फिरून आलेली. बाहेरच्या दोरीचा तो स्पर्श घोड्याने निमूट स्वीकारला की एकेक घडी कमी करत जवळ यायचं. शेवटी दोऱ्या कुशींना चिकटून जातात आणि तुमचे हात जवळजवळ पुठ्ठ्यावर टेकतात.

जवळ आल्यावर एक गंमत कळते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळपास चहूकडचं दिसतं, फक्त बरोबर मागची एक पट्टी आणि अगदी नाकासमोरची थोडी जागा सोडून. ऐन मागे गेलात की त्याच्या लेखी तुम्ही नाहीसे झालात. म्हणून चालायचं ते थोडं आतल्या अंगाला, त्याच्या डोळ्याच्या कडेत राहून. तो मान वळवून बघत नाही, बघायची गरजही नसते. त्याचा एक कान तुमच्याकडे फिरलेला असतो, कुणीतरी मागे बोलतंय आणि आपण पुढे काम करतोय अशा थाटात. गंप्याचा आतला कान मागे असेपर्यंत माझं चाललेलं असतं. तो पुढे, रस्त्याच्या बाजूला फिरला की समजायचं, मॅडमपेक्षा टेम्पो महत्त्वाचा झाला.

घोडा माणसाचं काय काय वाचतो याची एक खरी आणि भारी गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या मास्तरांकडे हान्स नावाचा घोडा होता. तो गणितं सोडवायचा आणि उत्तर खूर आपटून सांगायचा. लोटच्या लोट लोक बघायला यायचे. अखेर ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या अभ्यासकाने तपास केला आणि 1907 साली निष्कर्ष मांडला. विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसलं की हान्सलाही येत नसे. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि तेवढ्यावर हान्स थांबायचा. फॉन ओस्टेन लबाडी करत नव्हते, त्यांना बिचाऱ्यांना आपण खूण करतोय याचा पत्ताच नव्हता. ही गोष्ट सांगून लोक म्हणतात की बघा, घोड्याला गणित येत नव्हतं. मला यातलं दुसरंच जास्त गंभीर वाटतं. जे आपण करतोय हे आपल्यालाच ठाऊक नाही, ते घोड्याला ठाऊक असतं.

उस्तादांनी मला गंप्याच्या मागे उभं करण्याआधी स्वतःच्या मागे उभं केलं होतं. दोऱ्यांची टोकं आपल्या दोन मुठींत धरली, पाठ केली, डोळे मिटले आणि म्हणाले, "मी घोडा. चालवा." बाकीचे सायस खरारा थांबवून बघत होते, त्यामुळे मला संकोच वाटत होता, उस्तादांना काही नाही. मी चालवलं. डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, थांबवलं. मग ते मागे न बघता म्हणाले, "उजवी दोरी जड हाय. तिकडं कोन आलंय?" फाटकातून पेंढ्याची गाडी आत येत होती आणि मी तिच्याकडे नुसती नजर टाकली होती. नजरेबरोबर खांदा फिरला, खांद्याबरोबर कोपर मागे गेलं आणि सात मीटरच्या दोरीने ते उस्तादांच्या मुठीत नेऊन पोचवलं. दोरीला स्वतःचं वजन असतं, ती मधे किंचित झोळ धरून लोंबते. त्या झोळात फरक पडला की समोरच्याला निरोप मिळालेला असतो. बोटं मिटली तर एक निरोप, बोटं उघडली तर दुसरा. मूठ आवळून मनगटाने ओढलं तर तो निरोप राहत नाही, ते भांडण होतं.

मग जागा बदलून मी घोडा झाले. हे प्रत्येकाने करून बघावं. डोळे मिटून चालताना दोरी जरा घट्ट झाली की आधी राग येतो. आपण थांबतो आणि वाट बघतो की आता तरी सोडतील. ती लगेच सुटली तर कळतं, हां, थांबायचं होतं. थांबल्यावरही घट्टच राहिली तर वाटतं, थांबायचं नव्हतं वाटतं, दुसरं काही हवंय. मग आपण डोकं झटकतो, मागे सरतो, सुचेल ते करतो. घोड्यांच्या अंगावरचे निम्मे दोष असे सुटायला उशीर झालेल्या दोऱ्यांमधून आलेले असतात. शिकवणं घडतं ते सोडताना, दोरी ओढून मिळते ती फक्त विचारणा. त्याने बरोबर पाऊल उचललं त्याच क्षणी बोटं उघडली तर त्याला ते पाऊल आठवतं. दोन पावलांनंतर उघडली तर त्याला तिसरंच काहीतरी आठवतं.

आता चालण्याबद्दल. हा भाग मला फार उशिरापर्यंत साधा वाटत होता आणि आता सगळ्यात अवघड वाटतो. घोड्याची मोकळी दुडकी माणसाच्या चालीच्या दुपटीहून जास्त वेगाची असते. मागून पायी चालणाऱ्या माणसाबरोबर दुडकायचं तर घोड्याला पुढे जाणं कमी करून पाय वर उचलावे लागतात. निसर्गतः त्याचं सुमारे 60 टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, डोकं आणि मान तिकडेच लटकलेली असतात ना. वेग कमी ठेवून उसळी तीच ठेवायची तर वजन मागे घ्यावं लागतं, मागचे सांधे वाकवावे लागतात, पुठ्ठा खाली आणि खांदे वर येतात. डौलदार घोड्याचं आपण जे चित्र मनात धरतो ते हेच. या शास्त्रात त्याला कलेक्शन म्हणतात आणि त्याच्यावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. लांब दोऱ्यांवर मात्र ते येतं त्याचं एक कारण अगदी सरळ आहे: मागचा माणूस धावू शकत नाही. अर्थात माणसाने दोरी ओढून वेग मारला तर घोडा नुसता मंद होतो, पाय ओढत चालतो. त्याची उमेद तेवढीच ठेवायची आणि जमीन मात्र कमी द्यायची. आणि तुमची स्वतःची चाल रडतखडत असेल तर त्याचीही तशीच होते. गुडघे उचलून, ताठ, मोजून पावलं टाकत जावं लागतं. संध्याकाळी माझ्या पिंढऱ्या भरून येतात आणि घरचे विचारतात, बसायला बंदी असताना तू एवढी दमतेस कशाने?

गंप्याचा डावा आणि उजवा असे दोन वेगळे घोडे आहेत. महालक्ष्मीच्या ट्रॅकवर घोडे घड्याळाच्या दिशेने पळतात. सगळं तरुणपण उजवीकडे वळत पळालेल्या या प्राण्याला डावीकडे वळा म्हटलं की मान वळवायचा, अंग मात्र लाकडासारखं सरळ. त्यावरचं औषध शोल्डर-इन. घोड्याने कडेच्या कुंपणाला लागून जायचं, मागचे पाय कडेच्या रेघेवर ठेवायचे, पण खांदा थोडा आत आणायचा, साधारण 30 अंशांचा कोन. त्यामुळे आतला मागचा पाय पोटाखाली, वजनाच्या खाली येऊन पडतो. समोरून बघितलं तर चार पायांच्या तीनच रेघा दिसतात. फ्रान्समध्ये फ्रांस्वा रोबिशों द ला गेरिनिएर याने 1733 साली पूर्ण झालेल्या आपल्या ग्रंथात याची सरळ रेषेतली पद्धत मांडली, आणि तेव्हापासून आजतागायत घोड्याच्या अंगातला लाकूडपणा काढायला यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही. लांब दोऱ्यांवर हे करताना आतली दोरी वळण मागते, बाहेरची दोरी पुठ्ठ्याला बाहेर जाऊ देत नाही, आणि तुम्ही स्वतः आतल्या कुशीशी येऊन, तुमच्या नुसत्या तिथे असण्याने, त्याला कडेकडे ठेवता. पाठीवरून हे सगळं टाच आणि मांड करतात. जमिनीवरून मात्र मला त्याचे मागचे पाय दिसतात. बसलेल्याला जे अंदाजाने ओळखावं लागतं, ते इथे डोळ्यांसमोर असतं: डावा मागचा खूर मातीत किती खोल उमटला, पाय ओलांडून आला की चुकवून बाजूला पडला. गंप्या चुकवायचा. फार हुशारीने चुकवायचा. वेग वाढवून तो कोन पुसून टाकायचा आणि असा चेहरा करायचा की जसं काही सांगितलं होतं तेच केलं.

व्हिएन्नाला गेले होते तेव्हा स्पॅनिश रायडिंग स्कूलचा सकाळचा सराव बघितला. तिकीट काढून कुणालाही बघता येतो. या शाळेचा कागदोपत्री उल्लेख 1565 पासूनचा, आणि आताचं सभागृह 1729 ते 1735 मध्ये बांधलेलं: पांढरंशुभ्र, 46 खांब, वर झुंबरं, आणि एका टोकाला सहाव्या कार्ल सम्राटाचं मोठं चित्र. आत येणारा प्रत्येक स्वार या चित्राला टोपी काढून मुजरा करतो. राज्य गेलं, सम्राट गेले, मुजरा चालू आहे. घोडे लिपित्झानर जातीचे. जन्मताना काळपट असतात आणि मोठे होता होता पांढरे होतात. सोबतच्या पर्यटकांना उड्या बघायच्या होत्या. लेवाड, ज्यात घोडा मागच्या वाकवलेल्या पायांवर बसून पुढचा भाग उचलून धरतो; कूर्बेट, ज्यात त्याच अवस्थेत मागच्या पायांवर उड्या मारतो; काप्रिओल, ज्यात चारही पाय हवेत असताना मागे लाथ झाडतो. सकाळच्या सरावात याची खात्री नसते, त्यामुळे अर्ध्या तासात लोक उठून जायला लागले. मला उठवेना. कोपऱ्यात तपकिरी कोटातला एक स्वार लांब लगामांवर घोडा घेऊन चालत होता, आणि पाऊण वेळ तो घोड्याला काहीच सांगत नव्हता. चालायचा, थांबायचा, कोटाच्या मागच्या शेपटासारख्या भागात शिवलेल्या खिशातून साखर काढून द्यायचा, पुन्हा चालायचा. कार्यक्रमात लोक टाळ्या वाजवतात त्या लांब लगामांवरच्या तिरक्या चाली आणि कँटरमधली, म्हणजे दुडकीच्या पुढच्या चालीतली, वळणं म्हणजे या सकाळींचं व्याज. या शाळेत उड्यासुद्धा आधी जमिनीवरूनच शिकवतात. पाठीवरचा माणूस नंतर, तोही रिकिबीशिवाय. कुठला घोडा कुठली उडी मारणार, हे घोडाच आपल्या स्वभावाने सांगतो, आणि पुष्कळ घोडे कुठलीच उडी न मारता सन्मानाने नोकरी पूर्ण करतात. स्वार तयार व्हायलाही दहा-बारा वर्षं जातात. तिथला रिवाज असा की मुरलेला घोडा नव्या स्वाराला शिकवतो आणि मुरलेला स्वार नव्या घोड्याला.

त्या सभागृहाच्या मध्यावर दोन खांब रोवलेले आहेत. घोड्याला त्यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी बांधून जागच्या जागी दुडकायला शिकवायची ही जुनी पद्धत, फ्रान्समध्ये तेराव्या लुईला घोडेस्वारी शिकवणाऱ्या आंत्वान द प्लुविनेलच्या नावाशी जोडलेली. ते खांब बघून मला आठवलं सारंगखेडा.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताचं देऊळ आणि घोड्यांचा बाजार. तिथे नाचणारे घोडे बघायला मिळतात. ढोल वाजतो, दोन बाजूंनी दोन माणसं दोऱ्या धरतात, मधे घोडा पाय आपटतो, कधी बाजेवर चढून नाचतो. मूळ हालचाल बघितली तर तिरक्या जोडीने उचललेले पाय, जागच्या जागी. व्हिएन्नातल्या पियाफच्या, म्हणजे जागच्या जागी दुडकण्याच्या, घरातलीच. मी तिथे नाक मुरडायच्या तयारीने गेले होते, आणि नाक मुरडावं असं पुष्कळ होतंही. पाठ खाली दबलेली, मान मागे ओढून छातीला भिडवलेली, तोंड उघडं, डोळ्यांचं पांढरं दिसतंय, आणि काठी दिसली की घोडा आधीच थरथरतोय. पण एका तंबूबाहेर एक म्हातारे गृहस्थ एकटेच एका घोडीला नाचवत होते. ढोल नव्हता. हातात एकच दोरी, तीही लोंबती. ते स्वतः जागच्या जागी पावलं टाकत होते आणि घोडी त्यांच्या पावलांवर पावलं टाकत होती, ओठ सैल, कान त्यांच्याकडे. मी विचारलं, कसं शिकवलं? तर म्हणाले, "हिला आधीपासून येतं. मी फक्त थांबतो कधी ते हिला माहीत आहे." मी उस्तादांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्यांचा पत्ता का न्हाई घेतला?"

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफोन नावाच्या ग्रीक सेनानीने लिहून ठेवलंय की जबरदस्तीने करवलेल्या गोष्टीत घोड्याला समज नसते आणि शोभाही नसते. नर्तकाला चाबकाने मारून नाचवावं तसं ते. यात्रेतल्या दोन घोड्यांमध्ये तोच फरक होता, आणि युरोपातल्या मोठमोठ्या स्पर्धांमध्येही तो दिसतो. तिथे ढोल नसतो इतकंच.

आपल्याकडे घोड्याचं कौतुक वेगळ्या गोष्टींचं. बारगीर, शिलेदार, भीमथडीची तट्टं: मजल किती मारतो, चण्यावर किती दिवस काढतो, घाट कसा चढतो. मराठी फौजेला जागच्या जागी दुडकणाऱ्या घोड्याचा काही उपयोग नव्हता आणि ते योग्यच होतं. त्यामुळे या कलेला आपल्याकडे बोलीच नाही, मी वर शोल्डर-इन आणि पियाफ म्हणते ते त्यामुळेच. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या अशाच शिकवलेल्या चालींच्या स्पर्धेत, भारताच्या संघाने सुवर्ण मिळवलं तेव्हा आमच्या क्लबवर पेढे वाटले. घोडेस्वारीतलं ते 41 वर्षांनंतरचं सुवर्ण, आणि त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. ही मुलं तयार झाली युरोपात आणि त्यांचे घोडेही तिथलेच. हे कमीपणाचं नाही, पण इथे तबेल्यात पेढा खाताना आमच्या सायसांपैकी एकाने विचारलं की मग आपल्या घोड्यांना हे येणार नाही का, तेव्हा सगळे गंप्याकडे बघायला लागले. गंप्या पेढ्याच्या पुड्याकडे बघत होता.

गंप्याला पियाफ शिकवायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. डावा शोल्डर-इन सुधारला, थांबून पुन्हा निघणं सुधारलं, मागे सरणं सरळ झालं. मागे चार पावलं घ्यायची आणि तिथूनच एकदम दुडकी, असा उस्तादांचा आवडता व्यायाम आहे, कारण मागे सरताना वजन आधीच पुठ्ठ्यावर आलेलं असतं. एका सकाळी, पावसाने मैदान चिखल झालेलं आणि आम्ही पत्र्याच्या शेडखाली काम करत होतो. जागा अरुंद. मी त्याला निघायला सांगितलं आणि समोर भिंत असल्यामुळे बोटं मिटली. तो निघालाही नाही आणि थांबलाही नाही. एक जोडी उचलली, दुसरी जोडी उचलली, दोन्ही दोऱ्यांमधलं वजन एकदम नाहीसं झालं. मला हातात फक्त पट्टीचं सूत जाणवत होतं. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की खुरांचा आवाज आला नाही. उस्ताद शेडच्या दुसऱ्या टोकाहून ओरडले, "सोडा! सोडा! सोडा!" मी सोडलं. त्यांनी येऊन त्याला गूळ दिला, रोलर काढला आणि त्याचा दिवस संपवला. अजून दहा मिनिटंही झाली नव्हती. त्या दिवशी मला पुन्हा एकदा करून बघायचं होतं. उस्तादांनी दोऱ्या गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आणि शिडीसुद्धा काढून घेतली.

त्यानंतर ते येत गेलं. दोन पावलं, कधी चार, उजवीकडे बरं, डावीकडे पुठ्ठा अजून बाहेर झुकतो. पाठ मात्र दिसायला बदलली. खोगीर बसतं त्या जागी कण्याच्या दोन्ही बाजूंना जे खळगे होते ते भरले. डॉक्टरांनी पुन्हा दाबून बघितलं तेव्हा गंप्याने कान मागे केले नाहीत, नुसता सुस्कारा टाकला, आणि बसायची परवानगी मिळाली. कुणी बसायचं, यावर माझी आणि उस्तादांची जुंपली. मी म्हटलं, मी बसणार. ते म्हणाले, तुम्ही बसला तर दोऱ्या कोण धरणार? पद्धत अशी की जमिनीवरचा माणूस आधीसारखाच दोऱ्यांनी काम करवतो आणि वरचा नुसता वजन म्हणून बसतो. घोड्याला ओळखीचं काम ओळखीच्या हाताखाली करता करता पाठीवरच्या माणसाची सवय होते. मग हळूहळू जमिनीवरच्याने गप्प होत जायचं आणि वरच्याने बोलायला लागायचं. त्यामुळे वरचा हलका हवा, मांड पक्की हवी आणि त्याला हात लावायची खाज नको. क्लबवर येणारी दहावीतली एक मुलगी निवडली. तिला लगाम दिलाच नाही, पुढचा पट्टा धरायला सांगितला.

"काय करायचं मी?" तिने विचारलं.

"काय नाय करायचं, पोरी. खुर्चीत बसतेस तशी बस. श्वास घे."

एक फेरी नुसती चाल. मग दुडकी, मग शोल्डर-इन. गंप्याचा एक कान माझ्याकडे, एक तिच्याकडे. शेडजवळ आल्यावर मी मागे सरायला सांगितलं, निघायला सांगितलं आणि बोटं मिटली. एक जोडी. दुसरी जोडी. पाठ वर आली, तिला ती खालून उचलल्यासारखी लागली असणार, कारण तिच्या तोंडून "अय्याऽ!" निघालं. गंप्या जागच्या जागी थांबला आणि दोन्ही कान तिच्याकडे वळवले.

"थांबला का?" ती म्हणाली.

"तू थांबायला सांगितलं म्हणून थांबला," उस्ताद म्हणाले. "गूळ द्या त्याला, ताई. आन् पोरी, आता ओरडायचं न्हाई. तू ओरडलीस की थांबायचं, असं शिकवलंयस तू त्याला आत्ता."